मनोल्या ओळखताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "पक्ष्यांवर बोल, पण आटोपशीर बोल. शेवटी बाई हजेरी घेणार आहेत, त्याला वेळ हवा." मी म्हटलं, बरं झालं. कारण मला जे बोलायचं आहे त्याचा संबंध पक्ष्यांशीही आहे आणि हजेरीशीही.

तुम्हाला आठवतं का, बाई हजेरी घेताना पटावरून मान वर करत नसत. आपण एकमेकांच्या नावाला "हजर" म्हणून बघितलं, पण एकदाही जमलं नाही. बाई खाली बघतच म्हणायच्या, "हा आवाज त्याचा नाही. तो आलेला नाही." एकसारखे गणवेश, एकसारखे तेल लावून चापून बसवलेले केस, आणि तरी आवाजावरून बाईंना माणूस कळायचा. आज सकाळी दारात मला पाचसहा जण भेटले, त्यांची ओळख पटेना. कोणाचे केस गेलेत, कोणाचं पोट पुढे आलंय. पण एकाने "काय रे" म्हटल्याबरोबर नाव तोंडात आलं. पक्षी ओळखणं म्हणजे साधारण हेच.

मी आज मोर, गरुड, धनेश अशा देखण्या मंडळींवर बोलणार नाही. मनोली नावाच्या अगदी लहान पाखरावर बोलणार आहे. हिंदीत तिला मुनिया म्हणतात. आपली घरातली चिमणी साधारण १५ सेंटिमीटर भरते, तर मनोली १० ते ११. चोच मात्र अंगाच्या मानाने जाड, बी फोडायला केलेली. अशा जाड चोचीच्या, दाणे खाणाऱ्या छोट्या पाखरांना इंग्रजीत सरसकट फिंच म्हणायची पद्धत आहे. शास्त्राच्या हिशोबाने मनोलीचं कुळ वेगळं, सुगरणीचं वेगळं, चिमणीचं वेगळं. पण शेतात पन्नास पाखरांचा थवा भुर्रकन उठला, की कुळं दिसत नाहीत. दिसतात ती पन्नास मातकट ठिपक्यांसारखी पाखरं.

आपल्या भागात मनोल्यांचे मुख्य चार प्रकार भेटतात. पहिली, साधी मनोली. वरून फिकट मातकट, खालून पांढरी, चोच रुपेरी-राखाडी, आणि शेपटी काळी, लांब, टोकदार. ही कोरड्या माळाची. बोरी-बाभळीत राहते आणि सुगरणीची जुनी, सोडून दिलेली घरटी वापरते. तिचा आवाज बारीक, किणकिणता. पायातले छोटे घुंगरू दूरवर हलावेत तसा.

दुसरी, ठिपकेदार मनोली. तोंड आणि गळा गडद तांबूस-तपकिरी, चोच काळपट, आणि पांढऱ्या छातीपोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. ही उडताना आणि थव्यात एकमेकींना हाक देताना "किटी, किटी" म्हणते. हिचं गाणं तर मोठी गंमत आहे. नर फांदीवर ताठ बसतो, चोच हलते, गळा हलतो, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. अगदी जवळ गेलं तरच बारीक शिट्ट्या आणि घरघर कानावर पडते.

तिसरी, पांढऱ्या पाठीची मनोली. ही घाटाकडच्या झाडोऱ्यात जास्त. डोकं, छाती काळपट, पोट पांढरं. उडाली की शेपटीच्या वर पांढरा पट्टा चमकतो. नवशिक्या इथे हमखास फसतो, कारण साधी मनोली उडाली तरी तिथे पांढरंच दिसतं. मग बघायचं, पट्ट्याच्या पुढचं अंग काळपट आहे की मातकट.

चौथी, लाल मनोली. नदीकाठच्या ओल्या गवतात, उसाच्या कडेला. पावसाळ्यात हिचा नर लालभडक होतो, अंगावर पांढरे ठिपके. तो कोणालाही ओळखता येतो. पण विणीचा हंगाम संपला की तो रंग उतरतो आणि नर मादीसारखाच साधा तपकिरी होतो. राहतं काय, तर शेपटीच्या वरचा लाल भाग आणि लालसर चोच. या पाखराचं इंग्रजी नाव अहमदाबाद शहराच्या नावाचा अपभ्रंश आहे, कारण पूर्वी पिंजऱ्यात घालून ही पाखरं तिथून परदेशी जात. हिचा आवाज फार बारीक आणि उंच पट्टीचा. "सीप" म्हणून ऐकू येतो, आला तर.

आता एवढं सगळं मी कुठे शिकलो, ते सांगायचं आहे. पुस्तकं मी पुढे नोकरी लागल्यावर घेतली, दुर्बीण त्याच्याही नंतर. पहिली शिकवणी आपल्याच वर्गात, आपल्याच एका मित्राकडे झाली. तो तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसायचा. म्हणजे जेव्हा यायचा तेव्हा. दिवाळीनंतर शाळू निसवला, कणसात दाणा भरायला लागला, की तो शाळेत दिसेनासा व्हायचा. त्यांच्या रानात माळा घातलेला असायचा आणि हा दिवस उजाडायच्या आत गोफण घेऊन त्यावर चढायचा. पाखरं राखायला. पटावर त्याच्या नावापुढे महिना-दीड महिना गैरहजरी लागायची, आणि परत आला की हातावर छड्या. कोणत्या सरांनी मारलं ते आज काढत बसण्यात अर्थ नाही. तेव्हाची रीतच ती होती, आणि आम्ही बाकीचे गप्प बसलो होतो.

आठवीत असताना मी रविवारी त्याच्याबरोबर माळ्यावर बसायला लागलो. हुरड्याच्या लोभाने गेलो होतो, हे कबूल करतो. तिथे बघितलं, तर हा डोळे मिटून पडलेला. थवा उतरल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "अरे ऊठ, पाखरं आली." तो म्हणाला, "बांधावर बसल्यात. गवताचं बी खातील आन् जातील. धोंडा कशाला वाया घालवायचा?" थोड्या वेळाने दुसरा आवाज झाला, मला अगदी तसाच वाटला, आणि हा ताडकन उठून गोफण फिरवायला लागला. त्या सुगरणी होत्या. हिवाळ्यात सुगरण नराचा पिवळा रंग जातो आणि तो चिमणीच्या मादीसारखाच दिसतो. पण "चिट, चिट" असा कोरडा आवाज त्याला सोडत नाही. भोरड्या आल्या तर तो पाऊण फर्लांगावरून कलकलाट ओळखून आधीच उभा राहायचा.

पाखरं ओळखणं हा त्याचा छंद नव्हता. चुकीच्या थव्यावर दगड घालवला तर हात दुखणार, आणि बरोबर थवा सोडला तर घरच्या भाकरीत तूट येणार, असा तो हिशोब होता. त्याची नावंही त्याचीच. साध्या मनोलीला तो "घुंगरी" म्हणायचा, ठिपकेदार मनोलीला "किटकिटी". पुस्तकातल्या नावांपेक्षा ती मला अजून जास्त पटतात.

त्या वर्षीच्या जत्रेतली एक गोष्ट सांगतो. एक माणूस पिंजऱ्यात पिवळी, हिरवी, गुलाबी पाखरं विकायला घेऊन आला होता. विलायती आहेत म्हणत होता. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत होतो. आमचा हा मित्र पिंजऱ्याजवळ गेला, कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "ही किटकिटी हाय. हिला रंगात बुडवलीया." त्या माणसाने त्याला हुसकावून लावलं. पण तो बरोबर होता. मनोल्यांना रंग लावून विकायचा धंदा तेव्हा होता, आणि चोरून अजूनही चालतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनोली पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा आता गुन्हा आहे. सांगायचं एवढंच, की रंग लावता येतो, आवाज बदलता येत नाही.

आता मी ज्यासाठी इथे उभा आहे त्या भागावर येतो.

आठवीतच विज्ञान प्रदर्शनासाठी मी "आपल्या परिसरातील पाखरे" अशी वही केली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती आठवत असेल, कारण तिला बक्षीस मिळालं आणि प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर मला शाईचं पेन देण्यात आलं. टाळ्या झाल्या. त्या दिवशी तो वर्गात नव्हता. तो माळ्यावर होता. वहीतली जागा, वेळ, आवाज, कोणतं पाखरू बांधावर उतरतं आणि कोणतं कणसावर, हे सगळं त्याने सांगितलेलं होतं. मी शुद्ध मराठीत लिहिलं आणि चित्रं काढली. वहीवर नाव एकच होतं, माझं. कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्या नवव्या पानावर पाचव्या प्रकारची मनोली आहे. "तपकिरी मनोली: सर्वांग फिकट तपकिरी, कोणतीही नक्षी नाही, चोच काळपट." अशी मनोली नसते. ती ठिपकेदार मनोलीची पिल्लं. घरट्यातून बाहेर पडल्यावर काही महिने त्यांच्या अंगावर खवल्यांची नक्षी येत नाही. पावसाळ्यातली वीण, त्यामुळे सुगीच्या दिवसांत थव्यात अशी पिल्लं भरपूर असतात.

त्या दिवशीचं माळ्यावरचं आमचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "ही वेगळी जात दिसतेय, लिहून ठेवतो." तो म्हणाला, "आरं, येगळी न्हाईत. पोरं हायत तिचीच. रंग यायचा हाय अजून." मी विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "वरडण्यावरनं. आन् बघ की, मान वाकडी करून, चोच वर करून मोठीपाशी मागाय लागल्यात." मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला पाचवा प्रकार हवा होता, कारण चारपेक्षा पाच भारी दिसले असते. मी लिहून टाकलं. परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या स्वतःच्या लक्षात यायला वीस वर्षं गेली. एका नदीकाठी दुर्बिणीतून मी तंतोतंत तेच बघितलं, मान वाकडी करून, चोच वर करून मागणारी फिकट तपकिरी पोरं आणि त्यांना भरवणारी ठिपकेदार मनोली. त्या रात्री घरी येऊन वही काढली. जिथे जिथे मी त्याचं ऐकून लिहिलं होतं ते सगळं बरोबर होतं. जिथे मी माझं घातलं होतं, तेवढंच चूक.

फिंच पाखरांच्या बाबतीत असं फसलेला मी पहिला नाही, एवढं समाधान मात्र आहे. चार्ल्स डार्विन १८३५ साली गॅलापागोस बेटांवर गेला. तिथली जी पाखरं पुढे त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली, ती त्याला तेव्हा एका घराण्यातली वाटलीच नाहीत. चोची इतक्या निरनिराळ्या, की त्यातली काही त्याने भलत्याच गटांत टाकली. कोणतं पाखरू कोणत्या बेटावरचं, याचीही त्याने बहुतेक नोंद ठेवली नव्हती. १८३७ साली लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने त्याला सांगितलं की हे सगळे एकमेकांचे जवळचे भाईबंद आहेत. मग डार्विनची धावपळ झाली. जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि बरोबरच्या इतरांनीही पाखरं जमवली होती आणि त्यांवर बेटांची नावं जास्त नीट लिहिली होती. त्याने ती मागवून बघितली. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून आपली वही दुरुस्त करावी लागली. मात्र चिठ्ठी कोणाची होती ते आज आपल्याला माहीत आहे. माझ्या वहीत ती सोय नव्हती.

त्यामुळे तुमच्यापैकी कोणाला निवृत्तीनंतर पाखरं बघायची हौस लागली, तर माझा सल्ला साधा आहे. आधी नाव घेऊ नका. आधी जे दिसलं तेवढंच लिहा. चिमणीपेक्षा लहान की मोठं, चोच कसली, शेपटी टोकदार की आखूड, उडताना पाठीवर काय दिसलं, कुठे बसलं होतं, बरोबर कोण होतं, आवाज काय होता. नाव सर्वांत शेवटी. आणि नाव नाही कळलं, तर "मनोली, प्रकार कळला नाही" असं लिहायला लाजू नका. आणखी एक रकाना मी आता कायम ठेवतो: कोणी सांगितलं.

गेल्या वर्षी मी गावी परत राहायला आलो आणि त्याच्याकडे गेलो. माळा आता नाही. शाळू जाऊन ऊस आलाय. आम्ही नदीकडेला बसलो होतो. तो म्हणाला, "तांबडी आली." म्हणजे लाल मनोली. मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, "ही काय वरडतीया की." मला काहीही ऐकू येत नव्हतं. दुर्बीण लावली, तर समोरच्या गवतात सहा बसलेल्या. नंतर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उंच पट्टीचे आवाज वयानुसार आधी जातात, तुमचे गेलेत. घरात बोललेलं नीट ऐकू येतं, म्हणून मला पत्ताच नव्हता. माझ्या वह्यांत गेली तीन-चार वर्षं लाल मनोलीच्या नोंदी कमी होत चालल्या होत्या. मी समजत होतो, पाखरंच कमी झाली. मित्रांनो, हे तुम्हालाही सांगून ठेवतो. एखादी गोष्ट ऐकू येत नाही म्हणजे ती नाही, असं आपल्या वयात एकदम ठरवू नये. आता आम्ही दोघं बरोबर जातो. कान त्याचे, दुर्बीण माझी. नोंदीखाली दोघांची नावं.

त्या दिवशी मी त्याला वहीची गोष्ट सांगितली. त्याला पेन वगैरे काही आठवत नव्हतं. तो म्हणाला, "लिवलं कोणी? तूच की." मी म्हटलं, "सांगितलं कोणी?" त्यावर तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पोरं होती ती. मी म्हनलो हुतो तुला." म्हणजे नववं पान त्याला चांगलंच आठवत होतं.

त्याने नववीत शाळा सोडली. म्हणून या मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. यादी दहावीच्या निकालावरून केली होती. त्यात कोणाचा दोष नाही, तीच यादी हाताशी होती. पण आठवीच्या आपल्या पटावर ५२ नावं होती. ती सगळी दहावीपर्यंत पोचली नाहीत. कोणी गुरामागे गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणी मुंबईला कामाला गेलं, कोणी पाखरं राखत राहिलं. ते आपल्याबरोबर बसले होते. त्यांच्या डब्यातलं आपण खाल्लं आहे. काही जणांकडून तर शिकलोसुद्धा आहोत.

मी त्याला आज बरोबर आणलंय. मागच्या दाराशी उभा आहे. आत चल म्हटलं, तर म्हणतो, "मी दहावीचा न्हाई." भाषणात नाव घेऊ का विचारलं, तर म्हणाला, "भाषणात नगं." म्हणून मी घेतलेलं नाही. काल रात्री वहीच्या पहिल्या पानावर मात्र माझ्या नावाच्या वर त्याचं नाव लिहिलं आहे, आणि नवव्या पानावर "ही पिल्ले आहेत" असं. फार उशीर झाला, हे मला कळतं.

बाई, माझी एक विनंती आहे. ऑफिसातून आपला आठवीचा पट मिळाला आहे, तो मी तुमच्या टेबलावर ठेवला आहे. थोड्या वेळाने हजेरी घ्याल, तेव्हा दहावीची यादी बाजूला ठेवून तो पट घ्यावा. सगळी ५२ नावं वाचावीत. जे आज नाहीत त्यांच्यासाठी आपण क्षणभर थांबू. आणि स्मरणिकेतही तीच यादी छापावी, अशी संपादक मंडळाला विनंती करतो.

मी त्याला विचारलं होतं, "पटावर बाईंनी नाव घेतलं तर?" तो जरा विचार करून म्हणाला, "बाईंनी घेतलं तर वरडावं लागंल."

मान वर करायची गरज नाही, बाई. तुम्हाला आवाज कळेल.